औषधी वनस्पतींचे पारंपरिक उपयोग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

औषधी वनस्पतींबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात ते इथे एकत्र केले आहेत. आधी प्राथमिक प्रश्न, मग अडचणीचे. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. आजार कोणता आहे हे मात्र या पानावरून ठरवू नका, ते तपासणाऱ्याचे काम आहे.

१. वनस्पती नैसर्गिक असतात. मग त्यांचा अपाय कसा होईल?

वनस्पतीला पळून जाता येत नाही. किडे, बुरशी आणि चरणारी जनावरे यांच्यापासून वाचण्यासाठी ती रसायने तयार करते आणि त्यांतलीच काही आपल्या शरीरावर काम करतात. ज्या रसायनामुळे गुण येतो, प्रमाण चुकले की त्यामुळेच अपाय होतो. धोतऱ्यातल्या ॲट्रोपिनमुळे आखडलेल्या श्वासनलिका सैल होतात. तेच जास्त झाले की माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो, नाडी धावते, जीवही जाऊ शकतो. कण्हेर आणि पिवळी कण्हेर थेट हृदयाची लय बिघडवतात.

एरंडाचे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याचे तेल शेकडो वर्षे रेचक म्हणून वापरले जाते. त्याच बीमध्ये रायसिन नावाचे अत्यंत विषारी प्रथिन असते. ते तेलात उतरत नाही, पेंडीत राहते. म्हणजे झाड एक, बी एक. औषध की विष हे ठरते कोणता भाग कसा काढला यावर.

भाजीपाल्यालाही हे लागू आहे. दुधी भोपळ्याचा रस कडू लागला तर एक घोटही पुढे घेऊ नका. कडवटपणा कुकुर्बिटासिनमुळे येतो आणि अशा रसाने रक्ताच्या उलट्या होऊन, रक्तदाब कोसळून मृत्यू झाले आहेत. औषध कडूच असते असे समजून लोक तो रस संपवतात, तिथेच घात होतो.

२. पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, हाच पुरावा पुरेसा नाही का?

काही बाबतींत बराचसा पुरेसा आहे, काही बाबतींत अजिबात नाही. परिणाम लवकर आणि ठळक दिसत असेल तर अनुभव सहसा चुकत नाही. लवंग दाताखाली धरली की ठणका कमी होतो, सोनामुखी घेतली की सकाळी पोट साफ होते. हे ओळखायला प्रयोगशाळा लागली नाही.

अनुभव फसतो तो दोन ठिकाणी. पहिले, आपोआप बरे होणारे आजार. सर्दी, साधा खोकला, काविळीचे काही प्रकार काही न करताही बरे होतात आणि श्रेय शेवटच्या काढ्याला मिळते. दुसरे, हळूहळू होणारे नुकसान. सापसंद ज्या कुळातली आहे त्या ॲरिस्टोलोकिया वर्गातल्या वनस्पती अनेक देशांच्या परंपरांत औषध म्हणून वापरल्या गेल्या. १९९०च्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या औषधात एका चिनी वनस्पतीच्या जागी चुकून ॲरिस्टोलोकिया गेली. शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे खराब झाली आणि पुढे त्यांतल्या अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. औषध आज घेतले आणि आजार काही वर्षांनी आला, तर त्यांचा संबंध घरातल्या कुणाच्या लक्षात येणार? शतकानुशतके तो आलाही नव्हता.

म्हणून परंपरेला मी फार मोलाची सुरुवात मानतो. कुठे शोधायचे हे ती सांगते. किती काळ घेणे निर्धोक आहे, हे दर वेळी सांगत नाही.

३. मग कोणत्या उपयोगांना आज भक्कम आधार आहे?

इसबगोलाचा बद्धकोष्ठतेवरचा उपयोग निर्विवाद आहे, फक्त सोबत भरपूर पाणी हवे. कोरडा किंवा कमी पाण्यात घेतला तर तो घशात किंवा आतड्यात अडकू शकतो. सोनामुखीही काम करते, पण ती आतड्याला चालना देणारी आहे, चार-आठ दिवसांपुरतीच बरी. मळमळीवर आल्याचा उपयोग चांगला तपासला गेला आहे. पुदिन्याच्या एका जातीचे तेल, आतड्यात जाऊन फुटणाऱ्या कॅप्सूलमधून दिले तर, पोटात कळा येणाऱ्या आतड्याच्या तक्रारींवर उपयोगी पडते. लवंगेतले युजेनॉल दंतवैद्य आजही झिंक ऑक्साइडबरोबर तात्पुरत्या भरणात वापरतात. लवंगेने ठणका थांबला तरी कीड थांबत नाही, हे सांगायलाच हवे.

अडुळशाची गोष्ट मला विशेष आवडते. खोकल्यात कफ सुटावा म्हणून त्याची पाने वापरतात. पानांतल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरून ब्रोमहेक्सिन हे औषध तयार झाले. ब्रोमहेक्सिनचे शरीरात गेल्यावर जे रूपांतर होते तेच ॲम्ब्रोक्सॉल. कफाच्या कितीतरी सिरपच्या बाटल्यांवर ही नावे दिसतील.

४. आधुनिक औषधे वनस्पतींपासूनच आली, तर मूळ वनस्पतीच का घेऊ नये?

कारण झाडाच्या पानात औषध किती आहे हे पान बघून कळत नाही. जात, जमीन, ऋतू, झाडाचे वय, वाळवण्याची पद्धत, साठवण, सगळ्याने प्रमाण बदलते. ज्या वनस्पतींत गुणाचे आणि विषाचे प्रमाण दूरदूर असते तिथे हा फरक खपून जातो. जिथे ते जवळजवळ असते तिथे जीवाशी गाठ असते.

विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने १७८५ साली डिजिटॅलिसच्या पानांवर पुस्तक लिहिले. अंगावर सूज येण्यावरच्या एका घरगुती मिश्रणात नेमके गुणकारी काय, हे त्याने शोधले आणि मात्रा ठरवण्यासाठी बरीच वर्षे घालवली, कारण थोडे जास्त झाले की रुग्णाला उलट्या होत आणि नाडी मंदावत असे. त्याच वर्गातल्या वनस्पतीपासून मिळणारे डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध आज मायक्रोग्रॅममध्ये मोजून देतात, आणि तरीही रक्तातली पातळी तपासावी लागते.

सर्पगंधेचेही तसेच. रुस्तम जल वकील यांनी १९४९ मध्ये तिच्या रक्तदाबावरच्या उपयोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा जगभर दखल घेतली गेली. १९५२ मध्ये तिच्या मुळापासून रिसर्पिन वेगळे काढले गेले. औषध खरे होते, आणि काही रुग्णांत त्याने तीव्र नैराश्य येते हेही मोजून वापरायला लागल्यावरच नीट नोंदले गेले.

५. सदाफुली मधुमेहावर चालते म्हणतात. रोज पाने चावून खाऊ का?

नका खाऊ. हा प्रश्न फार येतो, म्हणून कारण सविस्तर सांगतो.

सदाफुली मधुमेहावर वापरण्याची प्रथा अनेक देशांत होती. ती ऐकून कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी पानांचा अर्क उंदरांवर तपासला. साखरेवर म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही, पण अर्क टोचलेल्या उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या आणि ते जंतुसंसर्गाने मेले. त्या धाग्यावरून १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन पुढे आले, नंतर व्हिनक्रिस्टिन. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरच्या उपचारात व्हिनक्रिस्टिनने असंख्य जीव वाचवले आहेत.

म्हणजे पानात जे आहे ते पेशींचे विभाजन थांबवणारे औषध आहे. साखरेसाठी ते रोज, बेहिशेबी, वर्षानुवर्षे पोटात घालण्यात शहाणपण नाही. कारले, मेथी, जांभळाच्या बिया यांबद्दल विचारायचे असेल तर प्रश्न ११ पाहा. तिथला धोका वेगळा आहे.

६. स्वरस, कल्क, काढा, हिम आणि फांट यांत फरक काय? सगळेच उकळून घेतले तर?

आयुर्वेदात या पाच मूळ कृती आहेत. ताजी वनस्पती कुटून पिळली की स्वरस, वाटून गोळा केला तो कल्क, भरड पाण्यात उकळून आटवली तो काढा, थंड पाण्यात रात्रभर भिजवून गाळले ते हिम, आणि गरम पाण्यात टाकून झाकून ठेवले तो फांट. काढ्यासाठी शार्ङ्गधर या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथकाराने दिलेले प्रमाण एक भाग भरडीला सोळा भाग पाणी आणि आटवून एक अष्टमांश उरवणे असे आहे.

साल, मूळ, लाकूड टणक असते, त्यांना उकळी लागते. ओवा, तुळस, पुदिना यांचा गुण उडून जाणाऱ्या तेलात असतो. उघड्या पातेल्यात रटरटा उकळले तर घरभर सुवास पसरतो आणि प्याल्यात फार काही उरत नाही. त्यांचा फांटच करावा, झाकण ठेवून.

हा फरक किती मोठा ठरू शकतो याचे उत्तम उदाहरण मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनचे. चीनमध्ये तू यूयू यांच्या गटाला किंघाओ या वनस्पतीचा अर्क कधी लागू पडतो, कधी नाही, असा अनुभव येत होता. चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या ग्रंथात ती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यावा असे लिहिले होते, उकळण्याचा उल्लेख नव्हता. उष्णतेने गुण जात असावा हे त्यावरून सुचले, कमी तापमानाला इथरमध्ये अर्क काढला आणि तो लागू पडला. २०१५ चे नोबेल त्यांना मिळाले. हे वाचून त्या वनस्पतीचा चहा पिऊन मलेरिया बरा करायला जाऊ नका. त्यात औषधाची मात्रा अनिश्चित आणि अपुरी असते, आणि अपुऱ्या मात्रेने जंतू औषधाला दाद देईनासे होतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही असा वापर करू नये असेच सांगितले आहे.

७. एकाच नावाने दोन वेगळ्या वनस्पती मिळतात. खरी कोणती?

ब्राह्मी हे नाव सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी, हिलाही लावतात आणि बाकोपा मोनिएरी, म्हणजे नीरब्राह्मी, हिलाही. दोघींची कुळे वेगळी, द्रव्ये वेगळी. स्मरणशक्तीवरचे बरेच आधुनिक अभ्यास बाकोपावर झाले आहेत. ते वाचून सेंटेला घेतली तर त्या अभ्यासाचा तुम्हाला काही उपयोग नाही. शंखपुष्पी म्हणून कॉन्व्होल्व्हुलस, इव्होल्व्हुलस आणि गोकर्ण या तिन्ही दिल्या जातात. सीता अशोकाच्या सालीच्या जागी उंच, सरळसोट वाढणाऱ्या शोभेच्या अशोकाची साल खपवली जाते. त्या झाडाचा खऱ्या अशोकाशी नात्याचाही संबंध नाही.

यावर उपाय एकच, शास्त्रीय नाव पाहणे. वेष्टनावर ते आणि वापरलेला भाग (मूळ, पान, साल, फळ) लिहिलेला नसेल तर घेऊ नका. रानातून स्वतः गोळा करणार असाल तर वनस्पती ओळखणाऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय तोंडात घालू नका. कळलावीचा कंद खाण्यायोग्य कंद समजून खाल्ल्याने मृत्यू झाले आहेत. त्यात कोल्चिसिन असते.

८. हळदीच्या कॅप्सूल घ्याव्यात का?

हळदीच्या पुडीत करक्युमिन साधारण तीन टक्के असते आणि ते आतड्यातून रक्तात फारच कमी जाते. म्हणून कॅप्सूलमध्ये मिऱ्यातले पिपरिन घालतात. १९९८ मधल्या एका अभ्यासात त्यामुळे करक्युमिनचे शोषण सुमारे वीसपट झाले. शोषण वाढले की गुणाबरोबर धोकाही वाढतो. अशा संहत कॅप्सूलनंतर यकृताला सूज आल्याच्या नोंदी गेल्या काही वर्षांत अनेक देशांतून आल्या आहेत. शिवाय पिपरिन इतर औषधांचेही रक्तातले प्रमाण वाढवते. सांधेदुखीवर काहींना फायदा होतो असे दिसते, पण पित्ताशयात खडे असतील किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका. रोजच्या स्वयंपाकातल्या हळदीला हे काही लागू नाही.

९. गुळवेल प्रतिकारशक्तीसाठी कायम घेतली तर?

कायम घेण्याला मी नको म्हणेन. २०२१ पासून भारतातून गुळवेल घेणाऱ्यांत यकृताला सूज आल्याचे रुग्ण नोंदले गेले. काहींत शरीराची प्रतिकारयंत्रणाच यकृतावर उलटल्यासारखे चित्र होते. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला आणि टिनोस्पोरा क्रिस्पा या दिसायला सारख्या वेलीशी गल्लत झाली असावी असाही मुद्दा मांडला गेला. वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट स्पष्ट आहे: थायरॉइड, संधिवात, सोरायसिस, ल्युपस असे प्रतिकारशक्ती बिथरल्याने होणारे आजार असणाऱ्यांना ती शक्ती आणखी चेतवण्याची गरज नसते. भूक मेली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी बंद करा आणि यकृताची तपासणी करून घ्या.

१०. ज्येष्ठमध तर गोड आणि सौम्य आहे. खोकल्याला रोज चघळला तर?

दोन-चार दिवस घशासाठी चालेल. महिनोन्‌महिने नाही. त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे शरीरात मीठ आणि पाणी साठते, पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते. रक्तदाब चढतो, स्नायूंना अशक्तपणा येतो, हृदयाची लय बिघडू शकते. युरोपात ग्लिसिरायझिन दिवसाला १०० मिलीग्रॅमपेक्षा जास्त पोटात जाऊ नये असा सल्ला आहे. रक्तदाबाचा त्रास असेल, लघवी वाढवणारी गोळी किंवा डिगॉक्सिन चालू असेल तर तो टाळाच. गोळ्या घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नाही अशांनी कफाच्या चूर्णात ज्येष्ठमध आहे का हे जरूर पाहावे.

११. माझ्या रोजच्या गोळ्या चालू आहेत. सोबत वनस्पती घेतल्या तर चालतील का?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, कारण जड आजार असलेली माणसेच बहुधा दोन्ही घेतात आणि डॉक्टरांना सांगत नाहीत.

काही वनस्पती गोळीचे काम वाढवतात. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिनबरोबर कारल्याचा रस, मेथीचे किंवा जांभळाच्या बियांचे चूर्ण सुरू केले तर साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळ ही त्याची लक्षणे. सुरू करायचेच असेल तर साखर मोजत, डॉक्टरांना सांगून करा आणि गोळी स्वतःहून कमी करू नका. लसूण, आले, गिंको यांच्या कॅप्सूल वॉरफॅरिन, क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर रक्तस्राव वाढवू शकतात.

काही वनस्पती गोळीचे काम मोडतात. सेंट जॉन्स वर्ट ही युरोपातली वनस्पती सौम्य नैराश्यावर वापरतात. तिच्यामुळे यकृत इतर औषधे वेगाने संपवून टाकते. अवयव प्रत्यारोपण झालेल्यांत सायक्लोस्पोरिनची पातळी घसरून शरीर नवा अवयव नाकारू लागले, गर्भनिरोधक गोळी घेत असूनही दिवस गेले, अशी उदाहरणे नोंदलेली आहेत. ग्रेपफ्रूटचे याच्या उलट आहे; त्यामुळे कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या रक्तात साठतात.

इसबगोलासारखे चिकट पदार्थ गोळीला लपेटून घेतात. दोन्हींत दोन तासांचे अंतर ठेवा. आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी कमरखाचे फळ किंवा रस पूर्ण टाळावा; त्यातले विष लघवीवाटे बाहेर पडू न शकल्याने थांबत नाही अशी उचकी, भ्रम, झटके आणि मृत्यू ओढवले आहेत.

१२. शस्त्रक्रियेआधी काय बंद करावे?

सगळ्या कॅप्सूल, चूर्णे आणि काढे, साधारण दोन आठवडे आधी. भूल देणाऱ्या डॉक्टरांना यादी दाखवा. डॉक्टरांनी दिलेली गोळी मात्र मनाने थांबवू नका.

१३. गरोदरपणात कोणत्या वनस्पती टाळाव्यात?

अडुळसा, कारण व्हॅसिसिनने गर्भाशय आकुंचन पावते. कोरफडीचा पिवळा चीक, मोठ्या मात्रेतले एरंडेल, कच्च्या पपईचा चीक, कळलावी, ज्येष्ठमधाची मोठी मात्रा. ही यादी पूर्ण नाही आणि होणारही नाही, कारण गर्भवतींवर फारच थोड्या वनस्पतींचा अभ्यास झाला आहे. मळमळीसाठी थोडे आले चालते. त्यापलीकडे औषध म्हणून काहीही घेण्याआधी विचारा. अंगावर पाजत असतानाही हाच नियम.

१४. तान्ह्या बाळाला काय देता येते?

जवळजवळ काहीच नाही. एक वर्षाखालच्या बाळाला मधाचे बोटसुद्धा नको. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. वेखंडातल्या बीटा-ॲसॅरोनने प्राण्यांत गाठी झाल्या आहेत, अमेरिकेत १९६८ पासून ते खाद्यपदार्थांत घालायला बंदी आहे. कडुनिंबाचे तेल पोटात गेल्याने बाळांच्या मेंदूला सूज आणि यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. कापूर आणि निलगिरीचे तेल अगदी थोडे गिळले गेले तरी झटके येऊ शकतात. या बाटल्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा.

१५. डेंग्यूत पपईच्या पानांचा रस द्यावा का?

काही चाचण्यांत पपईच्या पानांच्या अर्काने प्लेटलेट थोड्या लवकर वाढलेल्या दिसल्या. पण डेंग्यूत त्या बरे होताना आपोआपही वाढतात, आणि माणूस दगावतो तो बहुतेक वेळा रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्तदाब कोसळल्याने. हा धोका ताप उतरू लागतो त्या एक-दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो, नेमके जेव्हा घरच्यांना वाटते की आता बरे झाले. पोटात जोराची दुखी, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती, लघवी कमी यांपैकी काहीही दिसले तर रसाच्या भरवशावर थांबू नका, रुग्णालय गाठा.

१६. काविळीवर भुई आवळा चालतो का?

कावीळ हे लक्षण आहे. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए ची कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप उतरते, आणि तिथे दिलेले कोणतेही औषध यशस्वी ठरते (प्रश्न २). पण पित्तनलिकेतला खडा, स्वादुपिंडाची गाठ, हिपॅटायटिस बी यांतही डोळे पिवळेच दिसतात. भुई आवळ्याने हिपॅटायटिस बी चा विषाणू जातो असे १९८८ च्या एका अभ्यासात वाटले होते. नंतरच्या अभ्यासांत तो परिणाम टिकला नाही. आधी रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करा, मग काय घ्यायचे ते ठरवा.

१७. कोरफड पोटात घेणे सुरक्षित आहे का?

पानाच्या आतला पारदर्शक गर आणि सालीलगतचा पिवळा चीक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गर किरकोळ भाजल्यावर त्वचेला लावायला चांगला. चिकातले ॲलोइन तीव्र रेचक आहे. २००२ मध्ये अमेरिकेने ते असलेली रेचके दुकानांतून काढायला लावली. घरी गर काढताना पान उभे धरून पिवळा चीक गळू द्या आणि गर धुऊन घ्या. पोटात घेण्याचा आग्रह मी धरणार नाही.

१८. जखमेवर, डोळ्यात किंवा साप चावल्यावर काय लावावे?

डोळ्यात काहीही नाही. रुईचा चीक डोळ्यात गेला तर सुरुवातीला फारसे दुखतही नाही आणि नजर धूसर होते; भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जा. खरचटल्यावर स्वच्छ पाणी आणि साबण पुरे, खोल जखमेला धनुर्वाताचे इंजेक्शन हवे. सापाच्या विषावर प्रतिविष हाच उपाय आहे. कोणत्याही मुळीत घालवलेला वेळ रुग्णाच्या आयुष्यातून जातो.

१९. तयार आयुर्वेदिक औषधात शिसे-पारा असतो हे खरे का?

काहींत असतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात इंटरनेटवर विकली जाणारी १९३ औषधे तपासली, तेव्हा सुमारे एक पंचमांश औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. भस्मयुक्त औषधांत धातू मुद्दाम असतात. नुसत्या वनस्पतींच्या औषधात ते माती, पाणी किंवा भेसळीतून येऊ शकतात. न समजणारी पोटदुखी, बद्धकोष्ठता आणि रक्तक्षय एकत्र आले आणि असे औषध चालू असेल तर रक्तातले शिसे तपासायला सांगा. लेबल नसलेली पुडी घेऊ नका. संधिवातावर किंवा दम्यावर दोन दिवसांत जादूसारखा गुण देणाऱ्या पुडीत स्टेरॉइड मिसळलेले असण्याची शंका घ्यावी, आणि ती बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंद न करता डॉक्टरांकडे जावे.

२०. घरी केलेले औषध किती दिवस टिकते?

काढा, हिम, फांट त्याच दिवशी संपवा. चूर्णाचा गुण दोन महिन्यांनी कमी होतो असे शार्ङ्गधराने म्हटले आहे. हवाबंद डब्यात थोडे जास्त टिकेल, पण बुरशीचा वास किंवा गुठळ्या आल्या तर फेकून द्या. बरणीवर वनस्पतीचे नाव, भाग आणि तारीख लिहा.

२१. झाडाची साल किंवा मूळ स्वतः काढले तर झाड जगेल का?

खोडाभोवती पूर्ण वर्तुळात साल काढली तर झाड मरते, कारण पानांत तयार झालेले अन्न सालीतूनच मुळांकडे जाते. साल हवीच असेल तर बाजूच्या फांदीची, उभ्या पट्टीत, थोडी घ्या. मूळ काढले की बहुतेकदा वनस्पतीच संपते, म्हणून आधी बी पडू द्यावे. गुग्गुळाच्या झुडपाला डिंकासाठी वाटेल तशा खाचा पाडल्याने ते आज नष्ट होण्याच्या अगदी काठावर आहे. ज्या वनस्पतीचे पान किंवा फळ पुरते तिचे मूळ मागू नका, आणि जी लागवडीत मिळते ती रानातून आणू नका.